टीरेक्सचं नागरिकत्व

टपाल तिकिटावर देशाचं नाव असावंच लागतं. नेता असो, पूल असो, फूल असो, कडेला कुठेतरी मालक देशाची सही असते. प्रागैतिहासिक प्राण्यांच्या तिकिटांवर मात्र हा नियम भलताच गमतीदार होऊन बसतो. टायरॅनोसॉरस रेक्सचे, म्हणजे टीरेक्स या मांसाहारी डायनासोरचे, सांगाडे सापडतात ते उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात. पण तिकिटांच्या दुनियेत त्याला नागरिकत्व इतकं सढळ हाताने वाटलंय, की जिथे त्याचा एक दातसुद्धा निघालेला नाही अशा देशांच्या नावाखालीही तो जबडा वासून उभा असतो. त्या देशांना तरी काय बोलणार? टीरेक्स खपतो.

ब्रिटनला या नियमातून सूट आहे. पहिलं तिकीट त्यांनी काढलं, १८४० साली, म्हणून त्यांच्या तिकिटावर देशाचं नाव नसतं, राजा किंवा राणीचं डोकं असतं. ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी डायनासोरांच्या गटाचं ‘डायनोसॉरिया’ हे नाव छापलं १८४२ मध्ये. म्हणजे टपालाचं तिकीट आणि नाव मिळालेला डायनासोर ही तशी पाठची भावंडंच. १९९१ साली ब्रिटनने ओवेनच्या स्मरणार्थ पाच तिकिटं काढली. त्यात स्टेगोसॉरस आहे, ट्रायसेरेटॉप्स आहे, टीरेक्सही आहे, आणि प्रत्येकाच्या वर कोपऱ्यात एलिझाबेथ राणीचं चिमुकलं मस्तक. खालच्या दातांची तिला काही फिकीर नाही.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते भारताचं १९५१चं दोन आण्यांचं तिकीट. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या शताब्दीनिमित्त काढलेलं, काळ्या आणि गडद तांबूस रंगातलं. त्यावर आहे स्टेगोडॉन गणेसा, शिवालिकच्या टेकड्यांत ज्याचे जीवाश्म सापडले तो हत्तीचा नातलग. तिकिटावर भिंग धरलं की नजर आधी सुळ्यांवरच जाते. हे सुळे लांबलचक तर होतेच, शिवाय एकमेकांना इतके चिकटून, की सोंड मधून लोंबायला जागाच नसावी, ती बाजूनेच सोडावी लागत असावी, असा अभ्यासकांचा अंदाज. नामशेष प्राणी जिवंत रूपात दाखवणारं जगातलं पहिलं तिकीट हेच मानतात. डायनासोरचा नंबर त्यानंतर लागला, १९५८ मध्ये, तोही चीनच्या तिकिटावर. तो होता युन्नान प्रांतातला लुफेंगोसॉरस. दोन्ही देशांनी आपापल्या मातीतलं जनावर निवडलं, हे मला फार सभ्यपणाचं वाटतं.

पण ही तिकिटं अल्बममध्ये लावायची कशी? देशवार लावली तर सरळ काम. भूशास्त्रीय काळानुसार लावली की खरी मजा येते आणि सगळ्या सरहद्दी कोलमडतात. चीनचा ट्रायलोबाइट, म्हणजे अतिप्राचीन कवचधारी समुद्री जीव, पुढे येतो, अल्जीरियाचा १९५२चा अमोनाइट हा शंखवाला समुद्री प्राणी त्याच्या बराच मागून. भारताच्या १९९७च्या जीवाश्म वनस्पतींच्या संचातला ग्लॉसोप्टेरिस हा नामशेष वृक्ष लावताना तर हात थबकतो. याची पानं भारतात सापडतात, तशीच दक्षिण अमेरिकेत, आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात आणि अंटार्क्टिकातही. दक्षिण ध्रुवावरून परतताना मरण पावलेल्या ब्रिटिश मोहीमवीर स्कॉटच्या सामानात जे दगड सापडले, त्यांत हीच पानं होती. हे झाड वाढलं तेव्हा हे सगळे भूखंड गोंडवन या प्राचीन महाखंडात एकत्र नांदत होते. मग कडेला छापलेलं ‘भारत’ कुणाचं म्हणायचं?

काळानुसार लावण्याची दुसरी फजिती म्हणजे पानांचा हिशेब. पृथ्वीचं वय सुमारे ४६० कोटी वर्षं. ज्याच्या खडकांत प्राण्यांचे जीवाश्म मुबलक दिसू लागतात तो केंब्रियन काळ सुरू झाला ५४ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे पृथ्वीच्या आयुष्याचा जवळजवळ नऊ दशांश भाग त्याच्याही आधीचा, आणि अल्बममध्ये त्याला मिळतं जेमतेम अर्धं पान. कॅनडाने १९९० मध्ये मोठ्या मनाने जीवाश्म शैवालावर एक तिकीट काढलं होतं, ते तिथे लावायचं. हवेत प्राणवायू भरला तो सूक्ष्म जीवांनी, पण त्यांना जबडा नाही. डायनासोरांची पानं मात्र ओसंडून वाहतात, जोडपानं लावावी लागतात.

तिकीट एकदा छापलं की त्यातलं विज्ञान तिथेच थांबतं. बेल्जियमच्या १९६६च्या तिकिटावर तिथल्याच बर्निसार्टच्या खाणीतला इग्वानोडॉन हा डायनासोर कांगारूसारखा ताठ उभा आहे. आता तो पाठ आणि शेपूट जमिनीला समांतर ठेवून चालत असे असं मानतात. उलट, अमेरिकेने १९८९ मध्ये लांब मानेच्या डायनासोरच्या तिकिटावर ‘ब्रॉंटोसॉरस’ छापलं तेव्हा जाणकारांनी टपाल खात्याला धारेवर धरलं होतं: ते नाव बाद झालंय, अपॅटोसॉरस म्हणा! पुढे २०१५ मध्ये एका सविस्तर अभ्यासाने ब्रॉंटोसॉरस वेगळाच असल्याचं मांडलं. टपाल खात्याने सव्वीस वर्षं गप्प बसून वाद अर्धाअधिक जिंकला.

सगळ्यात अडवतो तो सीलाकँथ. हा मासा डायनासोरांबरोबरच संपला अशी शास्त्रज्ञांची खात्री होती. १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ एका मच्छीमार बोटीच्या जाळ्यात तो ताजाच आला. दुसरा १९५२ मध्ये कोमोरो बेटांपाशी मिळाला आणि दोन वर्षांत त्या बेटांच्या तिकिटावरही झळकला. आता हा लावायचा कुठे? क्रिटेशियसच्या, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या काळाच्या पानावर, की आजच्या? दोन प्रती असत्या तर दोन्हीकडे लावल्या असत्या. सध्या एकच आहे, ती सुट्या पाकिटात ठेवली आहे.