बटर-चीज वगळल्यावर सँडविचमध्ये काय भरावे?

मुंबईच्या रस्त्यावर मिळणारे साधे व्हेज सँडविच नीट पाहिले, तर त्यातले जवळजवळ सगळे जिन्नस वनस्पतिजन्यच असतात: कोथिंबिरीची हिरवी चटणी, उकडलेला बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो, कांद्याच्या चकत्या आणि वरून भुरभुरलेला मसाला. दुधापासून झालेले त्यात असते ते बटर, आणि सांगितलेच तर चीज. त्यामुळे व्हीगन (दुधासकट कोणताही प्राणिजन्य पदार्थ नसलेले) सँडविच म्हणजे बटर न लावलेले सँडविच, अशी अनेकांची समजूत असते. परंतु बटर तिथे केवळ चवीसाठी नसते. स्निग्धतेचा तो पातळ थर चटणीचे आणि टोमॅटोचे पाणी ब्रेडमध्ये मुरू देत नाही. तो काढून टाकला आणि त्याच्या जागी काहीच आले नाही, तर डबा उघडेपर्यंत ब्रेडचा लगदा झालेला असतो.

माझ्या मते या जागेवर सर्वांत पहिला हक्क शेंगदाण्याचा आहे. अर्धी वाटी खमंग भाजून सोललेले दाणे, दोन लसूणपाकळ्या, एक हिरवी मिरची, मीठ आणि अर्ध्या लिंबाचा रस एवढेच साहित्य घ्यावे. दाणे आधी कोरडेच वाटावेत, त्यांना तेल सुटू लागले की मग चमचा-दोन चमचे पाणी घालून सुरीने लावता येईल इतपत दाट चटणी करावी. पाणी सुरुवातीलाच ओतले तर ती डोशाबरोबरच्या चटणीसारखी सैल होते आणि लावण्याचा हेतूच राहत नाही. शेंगदाण्यात वजनाच्या साधारण एक चतुर्थांश प्रथिने असतात, ती बटरमध्ये नावापुरतीच असतात. अ‍ॅव्होकाडोही हे काम करतो, पण त्याची किंमत आणि कापल्यावर काळे पडण्याचा वेग पाहता रोजच्या डब्यासाठी मी त्याची शिफारस करणार नाही.

आता मुख्य सारणाकडे वळू. गव्हात लायसिन हे अमायनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, कमी असते, तर कडधान्ये आणि डाळींमध्ये ते भरपूर असते; म्हणूनच ब्रेडच्या दोन चकत्यांमध्ये केवळ भाज्या भरण्यापेक्षा डाळीचा किंवा कडधान्याचा एखादा पदार्थ भरणे शहाणपणाचे ठरते. अशा पदार्थांत कोरड्या झुणक्याइतका सोयीचा दुसरा पदार्थ मला तरी माहीत नाही. मोहरी, हिंग आणि हळदीच्या फोडणीत भरपूर कांदा परतून त्यात थोडे भाजलेले बेसन घालावे, पाण्याचा हबका मारून मंद आचेवर वाफ आणावी आणि तो मोकळा होईपर्यंत हलवत राहावे. पूर्ण गार झाल्यावर दाण्याची चटणी लावलेल्या ब्रेडवर त्याचा बोटभर थर दाबून पसरावा. झुणका अगदीच भुसभुशीत झाला, तर चमचाभर चटणी त्यातच कालवावी, म्हणजे खाताना तो सांडत नाही.

उकडलेले छोले काट्याने ओबडधोबड ठेचून त्यात भाजलेल्या तिळाचे कूट, लिंबू, जिरेपूड आणि बारीक चिरलेला कांदा घातला की दुसरे सारण तयार होते. लिंबाचा रस येथे चवीपलीकडेही उपयोगी आहे, कारण त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे कडधान्यांतले लोह शरीरात अधिक चांगले शोषले जाते. टोफूची, म्हणजे सोयाबीनच्या दुधाच्या पनीरची, भुर्जी करायची असेल, तर टोफू फडक्यात घट्ट पिळून घ्यावा आणि मिठाऐवजी काळे मीठ शेवटी घालावे. त्यातल्या गंधकाच्या वासामुळे भुर्जीला अंड्याची आठवण करून देणारी चव येते. परतलेली मोड आलेली मटकीही चालते, फक्त तिला रस ठेवू नये.

भाज्यांचे म्हणाल तर काकडीच्या बिया आणि टोमॅटोचा गर काढून टाकावा, आणि बीट सालासकट उकडून पूर्ण गार झाल्यावरच कापावे.

ब्रेड घेताना मात्र वेष्टनावरचा मजकूर वाचायलाच हवा, कारण काही ब्रेडमध्ये दुधाची पावडर असते, आणि आपल्याकडचा हिरवा ठिपका फक्त शाकाहाराची हमी देतो. त्यात दूध आलेच. व्हीगन पदार्थांसाठी भारतात 2022 मध्ये स्वतंत्र नियम आले आणि त्यांचे वेगळे हिरवे चिन्हही ठरले. ब्रेडच्या तपकिरी रंगावरही भिस्त ठेवू नये. घटकांच्या यादीत पहिले नाव मैद्याचे असेल, तर तो रंग बहुधा कॅरमेलचा असतो. तसेच बी-12 जीवनसत्त्व या कोणत्याही सारणातून मिळत नाही, त्यामुळे पूर्ण व्हीगन आहार घेणाऱ्यांनी त्याच्या पूरक गोळीविषयी डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

ओल्या नारळाची चटणीही बटरच्या जागी छान लागते, परंतु उन्हाळ्यात ती डब्यात दुपारपर्यंत टिकेलच असे नाही, म्हणून ती घरी लगेच खायच्या सँडविचसाठीच वापरावी.