बिनकटकटीची वेबसाइट

रविवार, रात्री उशिरा

साइट कशावर चालवायची, याचा आज एकदाचा निकाल लावला. गरज तशी किरकोळ आहे: पाच-सहा कायमची पानं आणि मनात येईल तेव्हा एखादा लेख. अट मात्र एकच. सहा महिने मी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही, तरी साइट जागेवर हवी.

वर्डप्रेस हे साइट चालवायचं सॉफ्टवेअर २००३ पासून टिकून आहे आणि त्यात लिहायला सोपं आहे, यात वाद नाही. पण त्याच्यामागे पीएचपी ही प्रोग्रामिंगची भाषा, लेख साठवणारा डेटाबेस, साइटचं रूप ठरवणारी थीम आणि हौसेने टाकलेली प्लगिन, म्हणजे जादा सोयींची जोडणी, अशी वरात असते. २०१३ पासून त्याची छोटी अपडेट्स आपोआप होतात, हे खरं. पण प्लगिन बनवणाऱ्यानेच ते वाऱ्यावर सोडलं तर अपडेट येणार कुठून? आणि सुरक्षेची भोकं बहुतेक वेळा सापडतात ती प्लगिनमध्येच. रोज लिहिणाऱ्याने, चार जणांत मिळून साइट चालवणाऱ्याने ते जरूर घ्यावं. मला एवढा संसार नको.

म्हणून स्टॅटिक साइट. कोणी पान उघडलं की ते डेटाबेसमधून जुळवून द्यायचं नाही. आधीच एचटीएमएल, म्हणजे ब्राउझरला थेट दाखवता येईल असं पान, करून ठेवायचं. सर्व्हरने फक्त फाइल हातात द्यायची. कल्पना नवी नाही, २००१ चं मूव्हेबल टाइप हे ब्लॉगचं सॉफ्टवेअरही पानं अशीच तयार करून ठेवायचं. अशी साइट बनवून देणारं २००८ चं जेकिल चांगलं आहे, पण त्याला रूबी ही प्रोग्रामिंगची भाषा लागते, वर तिच्या लायब्रऱ्यांच्या (तयार कोडच्या संचांच्या) आवृत्त्या सांभाळा. ह्यूगोही तेच काम करतं, पण ते म्हणजे एकच फाइल. ती उतरवली की झालं.

संध्याकाळी करून पाहिलं. साध्या मजकुराची फाइल, वरती शीर्षक आणि तारीख, खाली मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या चिन्हांनी मथळे, ठळक अक्षरं दाखवायच्या पद्धतीत, लेख. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘ह्यूगो’ म्हटलं की ‘पब्लिक’ फोल्डरमध्ये अख्खी साइट तयार. तारीख उद्याची टाकली तर लेख गुपचूप गाळला जातो, हे ठाऊक नसलं तर माणूस डोकं आपटत बसेल. (कागदपत्रं भरपूर आहेत, पण नवख्याला त्यातून वाट काढणं म्हणजे शिक्षाच.) नव्या आवृत्तीवर जुनी थीम कधीकधी रुसते. म्हणून चालणारी आवृत्ती लेखांच्याच फोल्डरमध्ये ठेवून दिली. संपर्काचा फॉर्म यात आपसूक मिळत नाही. ईमेलचा पत्ता पुरे.

एक काम मात्र हाताने करावं लागणार. फाइलचं नाव मराठी असलं की लेखाचा पत्ताही मराठी होतो, आणि तो कॉपी करून कुठे चिकटवला की टक्क्यांच्या चिन्हांची माळ होते. एकट्या ‘क’ची नऊ अक्षरं! तेव्हा प्रत्येक लेखाला रोमन अक्षरांतला छोटा ‘स्लग’, म्हणजे पत्त्याचा शेवटचा तुकडा, मीच देणार. निम्म्या लेखांना दिले, बाकीचे उद्या.