'बी१ झालंय' म्हणजे नेमकं काय झालंय?

'माझं जर्मन बी१ झालंय' एवढ्यावरून फारसा बोध होत नाही. कशात बी१? आणि कुठल्या परीक्षेचं?

युरोप परिषदेने २००१ साली आणलेली सीईएफआर ही मुळात परीक्षा नाहीच. ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा चढत्या सहा पायऱ्या, आणि त्या त्या पायरीवर माणसाला त्या भाषेत काय करता येतं याची वर्णनं, असा तो आराखडा आहे. त्यातल्या स्वमूल्यमापनाच्या तक्त्यात ऐकणं, वाचणं, संवाद, सलग बोलणं आणि लिहिणं अशी पाच अंगं वेगवेगळी तपासायची असतात. पाचही ठिकाणी एकच पायरी येणारा माणूस विरळा. पुस्तकं घेऊन एकट्याने शिकणाऱ्यांचं वाचन बी२ ला पोचतं आणि संवाद ए२ वरच अडखळत राहतो.

परीक्षेत हा फरक बेरजेखाली दडतो. फ्रेंचच्या डेल्फ बी१ ला १०० पैकी ५० गुण लागतात आणि चारही विभागांत २५ पैकी किमान ५. समजा, ऐकण्यात २०, वाचनात १९, लेखनात १० आणि बोलण्यात जेमतेम ८ मिळाले. एकूण ५७, पास! जर्मनच्या गोएथे बी१ परीक्षेत प्रत्येक भागात स्वतंत्रपणे १०० पैकी ६० गुण लागतात. या हिशेबाने तिथे लेखन आणि बोलणं दोन्ही गेले असते. जपानीच्या जेएलपीटी परीक्षेत तर बोलणं आणि लेखन तपासतच नाहीत. सर्वांत वरचा एन१ मिळवायला १८० पैकी १०० गुण आणि तिन्ही विभागांत ६० पैकी किमान १९ पुरतात, तेही तोंडातून एक शब्द न काढता. इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेत ऐकण्यात ६.५, वाचनात ६.५, लेखनात ५ आणि बोलण्यात ७ यांची सरासरी ६.२५ येते, ती वर ओढून ६.५ होते. लेखनातला ५ बघायला गुणपत्रिका नीट वाचावी लागते.

पायऱ्यांची उंचीही सारखी नाही. अमेरिकेतली अ‍ॅक्टफल ही परभाषा शिकवणाऱ्यांची संस्था आपली श्रेणी उलट्या पिरॅमिडसारखी काढते, वर जाल तसा पसारा वाढत जातो. ए१ ला लागले तेवढेच महिने बी२ ला धरले की वेळापत्रक हमखास कोसळतं.

अमेरिकी सरकारी नोकरीतली भाषेची आयएलआर श्रेणी, ० ते ५, अर्धवट गाठलेल्या पायरीच्या बाबतीत जास्त प्रामाणिक वाटते. तिसऱ्या पातळीचं काम बऱ्याचदा जमतं, पण सातत्याने टिकत नाही? मग ३ नाही, २+.

बायोडेटात म्हणून एकच अक्षर टाकू नये. 'वाचन बी२, संवाद ए२' असं सुटं लिहावं, सोबत परीक्षेचं नाव आणि वर्ष.