मिसळायची घाई

"रविवारी घरी कॉकटेल करतोय" असं फॅमिली ग्रुपवर टाकून पाहा. पाच मिनिटांत एखाद्या काकांचा खासगी निरोप येतो, आणि आत्या मात्र दिवसभर काहीच बोलत नाहीत. मग "फळांचं हो, फळांचं!" अशी दुरुस्ती पाठवावी लागते. खरं तर ठाण्यातल्या ज्यूस सेंटरच्या पाट्यांवर हा शब्द वर्षानुवर्षं मोसंबी, अननस आणि गंगाजमुनाच्या खाली निरागसपणे नांदतो आहे. गंगाजमुना म्हणजे संत्रं आणि मोसंबी, हे ठरलेलं. कॉकटेल म्हणजे त्या दिवशी काउंटरवर जे काही उरलं असेल ते. घरी केलेलं कॉकटेल फसतं ते बहुधा याच समजुतीमुळे, की फळं घ्यायची, मिक्सर फिरवायचा, बर्फ ओतायचा आणि झालं.

आपल्याकडे याचा चांगला धडा आधीपासून आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचं पन्हं पाहा. कैरी उकडून गर काढलेला, त्यात गूळ, वेलची, मीठ घालून ठेवलेलं. बायका दारात आल्या की त्यात गार पाणी. दाट भाग निवांत करायचा आणि पातळ भाग ऐनवेळी घालायचा. फळांच्या कॉकटेललाही हेच लागू आहे. मिसळायला दोन मिनिटं पुरतात, कौशल्य लागतं ते तोवर सगळं वेगळं ठेवायला.

बारा ग्लासांचं प्रमाण असं. साधारण ३ किलोचं एक कलिंगड, ४ मोसंबी, अर्धा अननस, दीडशे मिली अमृत कोकम, दोन-तीन लिंबं, इंचभर आल्याचा रस, पुदिन्याची वीसेक पानं, दोन छोटे चमचे सब्जा आणि ६०० मिलीची साध्या सोड्याची एक बाटली. वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात, जाऊन पेट्या उचलायचा मोह मे महिन्यात होतो, पण बारा माणसांसाठी तेवढी फळं आणली की पुढचे चार दिवस घरात शिकरण, फ्रूट सॅलड आणि कुरबुर चालू राहते. कोपऱ्यावरचा गाडीवाला पुरे. कलिंगड आकाराच्या मानाने जड हवं आणि जमिनीला टेकलेल्या बाजूचा डाग पांढरा नाही, पिवळसर हवा. बोटांनी टकटक करून आवाज ऐकणाऱ्यांना ऐकू द्यावं, त्यांना बरं वाटतं.

कलिंगडाचा गर मिक्सरमध्ये अगदी थांबत थांबत, दोन-तीन झटक्यांतच फिरवायचा. सलग फिरवला तर बिया भरडल्या जातात, रस कचकचीत लागतो आणि वर गुलाबी फेसाचा थर जमतो. गाळून सव्वा ते दीड लिटर रस मिळतो. तो लगेच फ्रिजमध्ये. त्यात मीठ, लिंबू काहीही आत्ता नको.

मोसंबीचा रस मात्र पाहुणे लिफ्टमध्ये असताना काढावा, इतका तो हट्टी. ताजा रस गोड लागतो आणि तासा-दोन तासांत कडवट होतो. दोष फळाचा नसतो. पेशी फुटल्या की रसातल्या आम्लामुळे एक बेचव द्रव्य हळूहळू लिमोनिनमध्ये बदलतं, आणि लिमोनिन कडू. बिया आणि पांढरी साल चिरडली गेली तर कडूपणा आणखी वाढतो. म्हणून मोसंबी मिक्सरमध्ये घालू नये, हातानेच पिळावी. सकाळी काढून ठेवलेल्या मोसंबीच्या रसात कितीही साखर ढवळली तरी उपयोग नाही.

अननसाचे बोराएवढे तुकडे करून त्यावर दोन मोठे चमचे साखर भुरभुरवायची आणि अर्धा तास झाकून फ्रिजमध्ये ठेवायचे. साखर फळातलं पाणी ओढून घेते आणि तळाशी सुंदर पाक जमतो. हेच तत्त्व कलिंगडाच्या तुकड्यांवर मात्र उलटतं: मीठ-साखर लावून ठेवलेले तुकडे मलूल पडतात. पोरांसाठी वर आइस्क्रीमचा गोळा टाकायची कुणाला हुक्की आलीच, तर कच्च्या अननसाशी त्याची गाठ घालू नये. अननसातलं ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं आणि चव कडवट होते. तुकडे पाकात पाच मिनिटं उकळले की हा उपद्रव संपतो.

कोकमाच्या बाबतीत एकच चूक होते, पण ती सगळं पातेलं वाया घालवते. कोकणी मेव्याच्या दुकानात अमृत कोकम आणि आगळ या बाटल्या शेजारी शेजारी उभ्या असतात, रंगही जवळपास तोच. अमृत कोकम साखरेच्या पाकातलं, आगळ मिठातलं. सोलकढीसाठी आणलेलं आगळ दीडशे मिली कलिंगडात गेलं, तर ते निस्तरायचा उपाय नाही. चिठ्ठी वाचावी, नाहीतर थेंबभर चाटून पाहावं.

आता बर्फ. ठाण्या-नवी मुंबईच्या दमट उकाड्यात सगळ्यांचा भर यावरच असतो आणि बहुतेक कॉकटेलं यातच बुडतात. ३२ अंशांवरचा २०० मिली रस ४ अंशांपर्यंत गार करायचा तर सुमारे ६५-७० ग्रॅम बर्फ वितळतो. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश ग्लास पाणी. तोच रस फ्रिजमधून ८ अंशांवर आला असेल तर जेमतेम १० ग्रॅम वितळतो. गार करायचं काम फ्रिजचं, बर्फाने फक्त गारवा टिकवायचा. जगसाठी लहान खडे न वापरता अर्ध्या लिटरच्या स्टीलच्या डब्यात रात्रभर एकच ढेप लावावी. तेवढ्याच वजनाच्या खड्यांपेक्षा तिचा पृष्ठभाग कमी, म्हणून ती सावकाश वितळते. डबा नळाखाली धरला की ढेप सुटते. ग्लाससाठी पाणी घातलेल्या अमृत कोकमाचे खडे करावेत. ते वितळले तरी चव पातळ होत नाही, उलट रंग चढतो. ऐनवेळी बाहेरून लादीचा बर्फ आणायची वेळ आली, तर तो खाण्याचा आहे ना ते विचारून घ्यावं. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घालायचा नियम महाराष्ट्रात २०१८ मध्ये आला. निळसर झाक दिसली तर तो बाटल्या गार करायला, पोटात घालायला नव्हे.

मिसळायचा क्रम सांगायला सोपा. मोठ्या जगमध्ये कलिंगडाचा रस, मोसंबी, अमृत कोकम, लिंबू, आलं. चिमूटभर काळं मीठ, फार नको, त्याच्या गंधकी वासापुढे कलिंगड बिचारं टिकत नाही. मग चव पाहायची, आणि ती गार असतानाच. गार पेयात जिभेला गोडवा कमी कळतो, त्यामुळे कोमट असताना बरोबर वाटलेलं सरबत ग्लासात फिकं लागतं. गोडी कमी असेल तर साखर तशीच टाकू नये, गार रसात ती तळाशी बसून राहते. साखर आणि पाणी समान वजनाने उकळून गार केलेला पाक हाताशी असावा.

ग्लासात तळाला अननस, त्यावर वीस मिनिटं भिजवलेला सब्जा चमचाभर, कोकमाचे दोन खडे, मग रस. पुदिन्याची पानं दोन तळहातांमध्ये एकदा थोपटायची, टाळी वाजवावी तशी. मिक्सरमध्ये गेलेला पुदिना काळपट होतो आणि गवतासारखा लागतो. सोडा सर्वांत शेवटी, कडेने, तिरक्या धारेने. तो फ्रिजमधला हवा, कारण वायू गार पाण्यातच टिकतो. आणि वर दोन बोटं जागा सोडायची. सब्जाचे दाणे आणि फळांचे खडबडीत तुकडे यांवर बुडबुडे भराभर सुटतात आणि भरलेला ग्लास सोसायटीच्या गच्चीवर, तेही शेजाऱ्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, उतू जातो. कोकमाचा डाग सहजी निघत नाही.

काय घालू नये, यावर मतभेद होतील. केळं आणि चिकू काळे पडतात आणि पातळ रसात गाळासारखे बसतात. गुलाबाचं सिरप घातलं की सगळी फळं एकाच चवीची होतात. आणि हापूस? त्याचा दाट गर तळाशी जाऊन बसतो, सोड्यात विचित्र दिसतो, आणि मुळात हापूसमध्ये काही मिसळणाऱ्याकडे लोक ज्या नजरेने पाहतात ती सोसायची तयारी हवी. त्यापेक्षा येऊरच्या डोंगराच्या बाजूने द्रोणातून करवंदं आली असतील तर मूठभर वर टाकावीत. ताडगोळे मिळाले तर त्यांची साल काढून, काप करून अननसाच्या जागी घालावेत. त्यांना साखर नको.

कापलेली फळं उकाड्यात तासाभराहून जास्त बाहेर राहू नयेत, म्हणून जग दोनदा भरावा, पहिल्यांदाच काठोकाठ नाही. सोडा न घातलेलं जे उरेल ते कुल्फीच्या साच्यात ओतून फ्रीझरला लावावं. सोडा पडलेलं मात्र त्याच रात्री संपवायचं. सकाळी ते फक्त लाल पाणी असतं.