रॉकेटचे फिन, एपॉक्सी आणि नाशिकचा जानेवारी

एपॉक्सीच्या, म्हणजे दोन ट्यूब मिसळून लावायच्या गोंदाच्या, पाकिटावर छापलेला वेळ नाशिकच्या जानेवारीत पाळायचा नसतो. निफाडला पारा घसरल्याच्या बातम्या येतात, तेव्हा आमच्या गच्चीवरच्या खोलीतही काही वेगळं नसतं. तापमान दहा अंशांनी उतरलं की एपॉक्सी घट्ट व्हायला साधारण दुप्पट वेळ घेतं.

छंदाच्या छोट्या रॉकेटचे फिन, म्हणजे शेपटाकडचे पंख, कापणं, रॉकेटच्या नळीवर सरळ चिकटवणं, यात सांगण्यासारखं काही नाही. खरी कटकट फिलेटची. फिन आणि नळी मिळतात त्या कोपऱ्यात एपॉक्सीचा आत वळलेला गुळगुळीत थर द्यायचा, म्हणजे रॉकेट जमिनीवर आपटलं तरी फिन सहसा मुळातून निखळत नाही आणि हवेचा अडथळाही थोडा कमी होतो. रॉकेट आडवं धरून वर आलेल्या दोन फिनच्या मधल्या बाजू एका वेळी भरता येतात. ते वाळलं की नळी फिरवायची. तीन फिन म्हणजे तीन वेळा हीच वाट बघायची!

आणि ती वाट संपेचना. कपात उरलेला गोळा दगड झालेला, फिलेट मात्र चिकटच. गोळा स्वतःच्याच उष्णतेनं लवकर आवळतो, पातळ थराला ती ऊब मिळत नाही, म्हणून कपावरून अंदाज बांधू नका. त्याच घाण्यातली एक बारीक रेघ पुठ्ठ्यावर ओढून शेजारी ठेवा आणि बोट तिलाच लावा. एकतारी पाकासारखी तार निघाली की दोन्ही बाजूंची मास्किंग टेप काढायची. त्याआधी काढली तर एपॉक्सी ओघळतं, कडक झाल्यावर काढली तर कड तुटते आणि मग पॉलिश पेपरनं घासत बसा. टेप काढल्यावर पुठ्ठ्याच्या खोक्यात पिवळा बल्ब लांब टांगून त्यात रॉकेट ठेवलं, तेव्हा कुठे माझी सुटका झाली. थर्मामीटर आत ठेवा, नळी पुठ्ठ्याचीच आहे.

हो, मिसळण्याआधी दोन्ही ट्यूब कोमट पाण्यात ठेवायच्या. एपॉक्सी पातळ होतं, बुडबुडे निघून जातात. फार वाहायला लागलं तर चिमूटभर टाल्कम पावडर घाला. बहिणीच्या डब्यातली चालते, तिला सांगायची गरज नाही.

गुळगुळीतपणा येतो तो हातमोजा घातलेल्या बोटावर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून एकाच दमात बोट ओढलं की. बोट नुसतं ओलं हवं, जास्त झालं तर थर कमजोर पडतो. औषधाच्या दुकानांत मिळेना. एमजी रोडवर मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे सहज मिळालं. आणि पाच मिनिटांत आवळणारं एपॉक्सी यासाठी घेऊच नका, थंडीतसुद्धा. बोट दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत ते धरायला लागतं.