तुम्ही विचारलंत म्हणून : त्या कॅसेटमधली लय

“मास्तर, त्या भजनाच्या कॅसेटीत पेटी वाजवलाय तशी आता का वाजवत नाही?”

जांबोटीपासून बेळगावच्या शहापूरपर्यंत हा प्रश्न मला न विचारलेलं भजनी मंडळ शोधावं लागेल. विचारणारा बहुतेक वेळा तिशीच्या आतबाहेरचा, म्हणजे ती कॅसेट भरली तेव्हा पाळण्यात नाहीतर जन्मालाच यायचा. वर म्हणतो, “काय पाणी होतं हो हातात!” त्यातल्या ‘होतं’वरचा जोर मला नीट ऐकू येतो. आजवर मी “वय झालं बाबा” म्हणून वेळ मारून नेली. पण वयाचा इथे फारसा संबंध नाही. संबंध आहे तो सेलचा.

ज्यांना ही कॅसेट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९१च्या माघात खानापूर तालुक्यातल्या एका गावी सप्ताह होता आणि एका रात्रीचा जागर आमच्या मंडळाकडे होता. गायला आमचे बुवा, पखवाज, पेटीवर मी आणि मागं टाळकरी. गावातल्या शाळामास्तरांनी आपला टेप बुवांच्या पुढ्यात ठेवून साठ मिनिटांची कॅसेट भरली. तिच्या कॉप्या झाल्या, कॉप्यांच्या कॉप्या झाल्या, पुढं कुणीतरी सीडी केली आणि आता ती व्हॉट्सॲपवर फिरते. बुवा जाऊनही बरीच वर्षं झाली. त्यांचं एवढं एकच गाणं शिल्लक आहे, म्हणून तिला मान.

त्या रात्री गावात लाईट नव्हती. त्या भागात ती असली तरच आम्हाला आश्चर्य वाटायचं. मांडवात दोन गॅसबत्त्या आणि टेपमध्ये सहा मोठे सेल. त्याच सेलवर शाळामास्तरांच्या घरी दिवसभर रेडिओ चाले, आणि ते मंदावले की अंगणात उन्हात मांडून ठेवायचे. आजच्या पोरांना हे सांगितलं तर हसतात, पण तेव्हा घरोघरी हेच चाले. ऊन खाल्लं की सेल आणखी थोडा वेळ कसाबसा ओढतात. आमचं अख्खं भजन त्या ‘आणखी थोड्या वेळात’ रेकॉर्ड झालंय.

आता यात लयीचा काय संबंध? टेपमधली मोटर फीत ओढते ती ठरलेल्या वेगानं, सेकंदाला साधारण पावणेपाच सेंटिमीटर. सेल मलूल झाले की मोटर रेंगाळते आणि तेवढ्याच वेळाचं गाणं कमी फितीवर बसतं. मग तीच कॅसेट तुम्ही घरी लाईटवरच्या टेपला लावलीत की फीत तिच्या नेहमीच्या वेगानं पळते, आणि गाणं जलदही होतं आणि चढंही. वेगात सहा टक्क्यांचा फरक पडला की सूर पेटीच्या एका पट्टीनं वर सरकतो. आम्ही बसलो होतो काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा सूर धरून. कॅसेटच्या शेवटच्या गजरात आम्ही काळी दोनला ऐकू येतो. म्हणजे मधली पांढरी दोन धरून पुऱ्या दोन पट्ट्या वर, आणि लयही त्याच हिशेबात पळालेली. ज्या ‘पाण्या’चं कौतुक होतं त्यातलं निदान दहा-बारा टक्के पाणी त्या सेलचं.

इतकी वर्षं हे कुणाच्या कानावर कसं आलं नाही, असं तुम्ही म्हणाल. कारण भजनाची लय चढतेच. ठाय म्हणजे संथ लयीत उचलायचं, पखवाजवाल्यानं हळूहळू दाबत न्यायचं आणि शेवटी गजर. सेल नेमके याच बेतानं उतरत गेले, त्यामुळं मोटरची चोरी भजनाच्या चढत्या लयीत लपली. आणि सूर सरकला तो सगळ्यांचा एकदम सरकला. बुवा, पेटी, पखवाज, टाळ सगळे एकाच फितीवर असल्यानं कुणीच कुणाला बेसूर होत नाही.

पेटीच्या बाबतीत हे उघड व्हायचंच होतं. गवयाचा आवाज खालीवर होईल, तंबोऱ्याची तार उतरेल, पण पेटीचा सूर म्हणजे पितळेची जीभ. ती खरवडल्याशिवाय बदलत नाही. टोकाला खरवडली तर सूर चढतो, बुडाशी खरवडली तर उतरतो. एका जागरात, एका तासात, पेटी आपणहून दोन पट्ट्या चढली असं कधी होत नाही. आमच्याकडं शिकणारी पोरं कॅसेट लावून बरोबर वाजवायला बसतात आणि रडकुंडीला येतात. “सर, पट्टी सापडंना. काळी एक खाली पडतेय, पांढरी दोन वर जातेय.” खरंच आहे. पहिल्या बाजूला गाणं त्या दोघींच्या मधे कुठंतरी लोंबकळतंय आणि तिथं कुठल्याच पेटीला पट्टी नसते. ग्रामोफोनच्या तबकड्यांचंही हेच होतं. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या त्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या, यंत्र जरा जलद फिरलं की खाँसाहेब वरच्या पट्टीत, जरा सैल झालं की खालच्या.

दुसरं उत्तर आहे ते माझ्या आजच्या दिवसाचं. लोकांना वाटतं कलावंत म्हणजे सकाळी उठून भैरव. माझी सकाळ स्क्रू-ड्रायव्हरनं सुरू होते. पावसाळ्यात आमच्याकडं हवेत पाणी असतं, लाकूड फुगतं, पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत, भात्याचं कातडं ओलसर होऊन हवा धरत नाही. मग झाकण उघडायचं. एक सूर मुका झाला असेल तर बहुतेक वेळा जिभेखाली कचरा नाहीतर केस अडकलेला असतो. पातळ कागदाची पट्टी हलकेच खालून सरकवायची आणि ओढून काढायची. नख लावायचं नाही, वाकली की संपलं. हे काम तासाभराचं असलं तर जमलं, नाहीतर पेटी मिरजेला. बेळगावात पेटी म्हटलं की पहिलं नाव पेटीवादक रामभाऊ विजापुऱ्यांचं, तेव्हा तिच्या कारागिरांची इथं रीघ असेल असं बाहेरच्यांना वाटतं. तशी ती नाही. आहेत त्यांच्याकडं नंबर लावावा लागतो.

संध्याकाळी शिकवणी. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना बसणारी पोरं, निम्म्यांच्या घरी कन्नड, निम्म्यांच्या घरी मराठी, आणि सगळ्यांना पालकांनी फोनवर ऐकवलेलं गाणं पुढच्या आठवड्यात वाजवायचं असतं. सरावाचे अलंकार-पलटे कुणालाच नकोत. रात्री कार्यक्रम असेल तर बस. २०२३च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली, चांगलंच झालं. आमची मंडळी आता सौंदत्तीच्या यल्लम्माला मनात आलं की जाते, माझी परवानगी तर नाहीच, पैसेही लागत नाहीत. खरं पेटी ठेवायला जागा मिळंना. मांडीवर घेतली तर कंडक्टर म्हणतो, “पेटीगे टिकीट तगोरी.” काढतो तिकीट. आठवड्यात एक दिवस हरिपाठ, एक दिवस कुठल्यातरी लिंगायत मठात कन्नड वचनांच्या साथीला. तिथं गाणारे अक्का-अण्णा काळी चारशिवाय बोलत नाहीत. हे सगळं करून तुमच्या मांडवात रात्री दहाला बसतो तेव्हा बोटं तेवढीच चालतात जेवढी त्या रात्री चालली होती. तुमच्या कानांना मात्र सेल उतरलेला टेप हवा असतो.

माझा पुतण्या पुण्यात कंप्युटरवर काम करतो. गेल्या दिवाळीला त्यानं माझ्या पेटीच्या काळी एकचा सूर मोजला, कॅसेट तुकड्या-तुकड्यानं त्या सुरावर उतरवली आणि मला हेडफोन लावून दिला. बुवांचा आवाज ऐकला आणि मी तो काढून परत लावला. इतकी वर्षं आम्ही जो पातळ, तरणाताठा, थोडा नाकातला आवाज ‘बुवांचा’ म्हणून ऐकत होतो, तो त्यांचा नव्हताच. खरा आवाज जड, छातीतून येणारा, ‘विठ्ठल’ म्हणताना ठकारावर क्षणभर रेलणारा. दोन ओळींच्या मधे ते श्वास घेतात तो आता ऐकू येतो. जलद कॅसेटीत त्या श्वासाला जागाच नव्हती. माझं वाजवणंही ऐकलं. बरं आहे. जिथं मी फार वेगात तान मारलीय असं सगळे म्हणतात, तिथं मी साधी आरोही सरगम नीट टप्प्यानं वाजवलीय, विद्यार्थ्याला दाखवावी तशी. मला ती जास्त आवडली.

मंडळाला ऐकवली. पहिला अभंग संपेपर्यंत सगळे गप्प. मग आमचे सगळ्यात जुने टाळकरी म्हणाले, “हे काय खरं नव्हं. झोपल्यागत वाटतंय. आपलं पहिलंच बरं.” बाकीच्यांनीही माना डोलावल्या. बुवांचा नातू तेवढा म्हणाला की आज्जा बोलायचा तो असाच, आणि ती फाईल मागून घेऊन गेला. आता ग्रुपवर दोन्ही आहेत, आणि ‘ओरिजिनल’ असं नाव जलदवालीला आहे.

त्याहून मोठी गंमत दुसरीच. साठ मिनिटांची कॅसेट अर्ध्या तासानं उलटावी लागते. शाळामास्तरांनी ती उलटली तेव्हा तुकोबांचा एक अभंग मधेच होता. तेवढ्या वेळात तिसरं चरण निघून गेलं, आणि ब बाजू सुरू होते ती थेट ‘तुका म्हणे’ला. नव्या पोरांनी अभंग कॅसेटीवरून उचलला, त्यामुळं ती दोन चरणं म्हणून सरळ ‘तुका म्हणे’वर उडी मारतात. वर मधल्या जागी थोडा पेटीचा तुकडा वाजवा म्हणून मला सांगतात, कारण तिथं काहीतरी राहिल्यासारखं त्यांनाही वाटतं! मी गाथा उघडून दाखवली. एकजण म्हणाला, “असेल हो मास्तर, खरं बुवांनी म्हटलं नाही की.” बुवांनी म्हटलं होतं. मी तिथंच बसलो होतो, त्या चरणावर त्यांनी धैवत धरून ठेवला होता आणि पखवाजवाला गालात हसला होता.

परत का भरत नाही, असंही काहीजण विचारतात. रोजच भरतोय की. मांडवात समोर वीस फोन धरलेले असतात, सगळं नेमक्या वेगात, नेमक्या पट्टीत रेकॉर्ड होतं. दुसऱ्या दिवशी कुणी ते ऐकलंय असं माझ्या कानावर अजून आलेलं नाही.

तेव्हा ज्यांना जुन्या कॅसेटीबरोबरच वाजवायचंय त्यांनी पहिल्या बाजूच्या नादी लागू नये, तिथं पट्टी मिळायची नाही. दुसऱ्या बाजूचा शेवटचा गजर लावा आणि काळी दोन धरा, बरोबर बसेल. आणि त्या अभंगाचं तिसरं चरण गाथेत बघून म्हणत चला. तिथं मी तुकडा वाजवणार नाही.