चहाच्या दुकानातली गोपनीयता : माझा अनुभव

साताऱ्यात चहाच्या एका ब्रँडची फ्रँचायझी घ्यायची ठरली, तेव्हा जागेचं भाडं, डिपॉझिट, फर्निचर यांचा हिशेब मी वहीत पैन् पै मांडला होता. गोपनीयतेच्या कराराकडे मात्र नीट बघितलंच नव्हतं. माहितीपुस्तिका दाखवायच्या आधीच कंपनीने तो ५०० रुपयांच्या स्टँप पेपरवर पुढे केला. सहीआधी वकीलबाईंना दाखवला, हे फार बरं झालं.

त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “यात गुपित नक्की कशाला म्हटलंय?” करारात ‘कंपनीने दिलेली सर्व माहिती’ एवढंच होतं. मसाला सीलबंद पाकिटात येतो, त्यात काय आहे ते मलाही माहीत नाही. माझ्या हातात येणार होती ती मापं, खरेदीचे दर, पुरवठादारांची नावं आणि विक्रीचे आकडे. आम्ही तेवढंच नावानिशी लिहून घेतलं. आलं-वेलचीचा चहा घरोघरी होतो, म्हणून सगळ्यांना आधीपासून ठाऊक असलेली माहिती वगळली. कर्जासाठी बँकेला आकडे द्यावेच लागणार होते. म्हणून बँक, सीए, वकील आणि सरकारी खाती यांना कामापुरतं दाखवायची मुभाही घालून घेतली. ती नसती, तर कर्जाची फाईल देतानाच माझ्याकडून करार मोडला असता.

खरी ओढाताण झाली ती शेवटच्या कलमावर. फ्रँचायझी संपल्यावर तीन वर्षं गुपित पाळायचं आणि दोन वर्षं जिल्ह्यात चहाचा धंदा करायचा नाही, दोन्ही एकाच वाक्यात. आपल्याकडे फ्रँचायझीचा वेगळा कायदा नाही, सगळं १८७२च्या करार कायद्यावर चालतं. करार चालू असताना दुसऱ्या ब्रँडचं काम न करण्याची अट चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली कोका-कोला आणि गुजरात बॉटलिंगच्या खटल्यात मान्य केलं. करार संपल्यावर धंदाच बंद ठेवायची अट मात्र याच कायद्याच्या कलम २७पुढे, म्हणजे धंदा करण्यापासून रोखणारे करार रद्द ठरवणाऱ्या कलमापुढे, सहसा टिकत नाही. गुपित पाळायची जबाबदारी तरीही राहते. कंपनीने धंद्याची अट काढली नाही, पण दोन्ही कलमं वेगळी केली. मला तेवढं पुरेसं वाटलं.

दुकानातल्या माणसांचं तोंडही आपणच सांभाळायचं असतं, हे मला उशिरा कळलं. पावसाळ्यात एका संध्याकाळी काउंटरवरच्या पोराने गर्दीचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला. मागे शेगडीशेजारी मापांचा तक्ता चिकटवलेला होता. दूध, पाणी, साखर, किती मिनिटं उकळायचं, सगळं स्वच्छ वाचता येत होतं. कंपनीची मेल त्याच रात्री आली. मी व्हिडिओ काढायला लावला, तो किती जणांनी पाहिला तो आकडा घेतला आणि काही न लपवता कंपनीला कळवलं. लेखी ताकीद मिळाली, पण करार टिकला. त्या पोरावर मी आवाज चढवला नाही. त्याला हे सांगितलं कोणी होतं? चूक माझी होती.

दुसऱ्या दिवशी तक्ता कपाटाच्या दाराला आतून लावला आणि सगळ्यांसाठी मराठीत एका पानाचं हमीपत्र करून ते वाचून दाखवलं. शेगडीवरच्या मावशी सही करता करता थांबल्या. “ताई, मला तर सगळं तोंडपाठ झालंय. उद्या दुसरीकडे कामाला गेले तर?”

मी वकीलबाईंना तिथूनच फोन लावला. हातातली कला मावशींची, तिच्यावर त्यांनी कुठेही पोट भरावं. आपल्या मापांचे आकडे तेवढे दुसऱ्या दुकानाला द्यायचे नाहीत, असं त्या म्हणाल्या. ते वाक्य मी हमीपत्रात हाताने लिहिलं, खाली माझी सही केली आणि मग मावशींनी त्यांची केली.